गुरुवारची ताटली

लीलावतीबाईंचा गुरुवार कधी चुकला नव्हता. कुरुंदवाडच्या घरी दत्ताची आरती झाली की तूप-गूळ लावलेली एक पोळी गल्लीतल्या कुत्र्याला जायची, आणि मगच बाईंच्या पोटात घास. कुत्रं काळं की तांबडं, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. दत्तमहाराजांच्या पायाशी जे चार बसलेत, त्यांच्यातलाच हा एक, एवढं त्यांना पुरे होतं. पण तीन महिन्यांसाठी लेकीकडे नेदरलँड्सला आल्या आणि पहिल्याच गुरुवारी पंचाईत झाली. पोळी तयार, आरती झालेली, आणि कुत्रं कुठे आहे?

"आई, इथे गल्लीतलं कुत्रं नसतं," इरावती म्हणाली. "इथे प्रत्येक कुत्र्याला मालक असतो, पट्टा असतो, विमा असतो."

"आणि डाएट असतं," जावईबापूंनी भर घातली. "माझ्यापेक्षा कडक."

सारंगरावांचं बोलणं असंच. ते आठवड्यातले तीन दिवस आगगाडीनं रॉटरडॅमला कामाला जात आणि उरलेले दिवस घरातून काम करता करता सासूबाईंची फिरकी घेत. पूर्वी ही मंडळी डीमन नावाच्या शहरात फ्लॅटमध्ये राहायची. इरावतीला वागेनिंगनच्या विद्यापीठात जागा मिळाली आणि बिऱ्हाड इकडे आलं, वेलुवेच्या जंगलाला लागून असलेल्या एका लहानशा गावात. माणसं आणि रानातली जनावरं एकमेकांच्या शेजारी कशी नांदतात, हा तिचा अभ्यासाचा विषय. सध्या तिच्या डोक्यात एकच जनावर होतं, लांडगा. शे-दीडशे वर्षं या देशातून नाहीसा झालेला लांडगा परत आला होता, आणि गावागावांतून त्याच्यावरून घरं दुभंगत होती.

फ्रिजवर इरावतीनं सूचनांचा एक कागद चिकटवला होता. लांडगा समोर आला तर पळू नका. ताठ उभे राहा. हात वर करून मोठे दिसा. खड्या आवाजात बोला. नजर त्याच्यावर ठेवून हळूहळू मागे सरका.

बाईंनी तो लेकीकडून मराठीत समजून घेतला आणि हसल्या. "अगं, हे तर कीर्तनाला उभं राहण्याचे नियम झाले. फक्त मागे सरकायचं तेवढं सोडून."

कीर्तन हा बाईंचा जीव की प्राण. गावात कुणीही बुवा येवोत, पूर्वरंग सुरू व्हायच्या आधी बाई पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या. इथेही त्यांनी आल्या आल्या पत्ता काढला. डीमनला एका घरी महिन्यातून एकदा मराठी मंडळी जमायची, कुणी तरी निरूपण करायचं, आणि बाई कापडी पिशवीतून कुरुंदवाडहून आणलेल्या आपल्या झांजा काढायच्या. त्या पिशवीत झांजा कायमच्या मुक्कामाला होत्या.

तर प्रश्न होता पोळीचा. बाईंनी आधी सरळ मार्ग धरला. तीन घरं सोडून हार्मेन नावाचे गृहस्थ राहत. निवृत्त सुतार, पांढऱ्या मिश्या, देवळाच्या खांबासारखी अंगलट, आणि गावातल्या शिकाऱ्यांच्या संघाचे अध्यक्ष. त्यांच्याकडे टेस नावाची राठ, करड्या केसांची कुत्री होती. रात्री-अपरात्री रस्त्यावर गाडीची धडक बसून एखादं हरीण जखमी होऊन रानात पळालं, की पोलीस हार्मेनना बोलावत. टेस रक्ताचा माग काढत त्याच्यापर्यंत पोचायची, म्हणजे ते बिचारं तडफडत पडायला नको. हे ऐकल्यावर बाईंच्या मनात त्या दोघांविषयी माया दाटली. एका गुरुवारी त्या पोळी घेऊन त्यांच्या फाटकाशी उभ्या राहिल्या.

"माफ करा, मेव्राउ," डचमधल्या 'बाईसाहेब'नं सुरुवात करून हार्मेन पुढे इंग्रजी जुळवत म्हणाले. "टेस कामाची कुत्री आहे. परक्याच्या हातून काही घेत नाही. पाहा."

बाईंनी पोळी पुढे केली. टेसनं मान फिरवली, एखाद्या मानी सुनेसारखी. हार्मेनच्या मिश्यांना पीळ बसला.

मग बाईंनी दुसरी वाट काढली. घरामागची वाळूची पायवाट जिथे झाडीत शिरते, तिथे ओकच्या झाडाचा एक बुंधा होता. त्यावर स्टीलच्या ताटलीत पोळी ठेवली, हात जोडले, म्हणाल्या, "महाराज, तुमच्यातला जो कुणी असेल त्यानं खावी," आणि परत आल्या. सकाळी ताटली चाटूनपुसून लख्ख. बाईंना किती हलकं वाटलं. असे गुरुवार जात राहिले. मग एका शुक्रवारी ताटलीच दिसेना. बाईंनी बुंध्याभोवती शोधलं, झुडपात काठी घालून पाहिलं. "महाराजांनी ताटलीही ठेवून घेतली," असं म्हणून दुसरी काढली. लेकीला यातलं काही सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. देवाला वाढलेलं कोण गावभर सांगत बसतं?

ऑक्टोबरात एका संध्याकाळी शिकारी संघाची सभा होती. इरावतीला अभ्यासासाठी त्यांचं म्हणणं ऐकायचं होतं. सारंगराव रॉटरडॅमला, म्हणून ती आईलाही घेऊन गेली. चर्चशेजारचा हॉल, प्रत्येकाला एक कप कॉफी आणि एकच बिस्किट. सवयीप्रमाणे बाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. इरावती कानाशी लागून मराठीत सांगत होती.

एकेक जण उठून बोलत होता. कुणी म्हणाला, "पहाटे मचाणावरून उतरलो तर खाली लांडगा उभा. माझ्या हातात बंदूक, आणि कायद्यानं ती मी उचलायचीही नाही. बरं, नाहीच उचलणार. पण माझ्या कुत्र्याच्या नरड्याला तो लागला तर मी काय करायचं, हे मला कुणी लिहून देईल का?" दुसरा म्हणाला, "द हेगमध्ये सरकारात बसलेल्यांनी आधी सांगितलं हात लावू नका. आता म्हणतात कागदावर थोडं सैल केलंय. म्हणजे काय केलंय, ते विचारलं की तिसऱ्या खात्याचा फोन नंबर देतात." एक तरुण शेतकरी म्हणाला, "आणि उद्या एखाद्या लांडग्याला मारायचा हुकूम निघाला तर गोळी कोण घालणार? आपणच. मग आपलं नाव, घराचा फोटो, मुलांची शाळा, सगळं इंटरनेटवर. ज्यांनी हुकूम काढला त्यांचं नाव कुणाला ठाऊकही नसेल."

बाईंना वाटलं होतं, शिकारी म्हणजे मारायला टपलेली माणसं. ही तर घाबरलेली माणसं होती.

शेवटी हार्मेन उभे राहिले. माइक त्यांनी बाजूला सारला. विहिरीतून यावा तसा आवाज. "गेल्या हिवाळ्यात माझ्या मित्राचा कुत्रा मी कोटात गुंडाळून रानातून बाहेर आणला. तरी सांगतो, रानातल्या लांडग्याशी माझं भांडण नाही. माणसाला भिणारा लांडगा चांगला. भीती गेलेला लांडगा वाईट. आणि ती भीती कोण घालवतं? खायला घालणारा." त्यांनी पडद्यावर एक फोटो लावला. गावातल्या कुणी तरी संधिप्रकाशात दुरून मोबाइलवर काढलेला. झाडीच्या कडेला एक करडी पाठ, बुंध्यावर वाकलेली. बाकी सगळं धुरकट. "पाच-सहा जणांनी पाहिलंय. घरांपासून हाकेच्या अंतरावर, पुन्हा पुन्हा. पुढच्या आठवड्यात प्रांताचा लांडगा-सल्लागार येतोय. आपला अहवाल मागितलाय. वस्तीत खायला येणारा लांडगा असं त्यात लिहिलं गेलं, तर त्याचा शेवट काय, ते सगळ्यांना माहीत आहे." त्यांनी पिशवीत हात घातला. "आणि हे मला तिथूनच शंभर पावलांवर झुडपात सापडलं. कुणी तरी त्याला ताटात वाढतंय. यावर काही कोरलंय, पण ती लिपी कुणालाच वाचता येत नाही."

त्यांनी हात वर केला. दिव्याखाली स्टीलची ताटली चमकली.

"आई," इरावती एवढंच म्हणाली.

आपल्याकडे भांड्यावर नाव कोरल्याशिवाय आहेर पुरा होत नाही. हार्मेननी ताटली पहिल्या रांगेपुढे धरली आणि इरावतीला विचारलं, "तुम्ही भाषा जाणता. ही कुठली?" इरावतीचा चेहरा कढईतल्या तेलासारखा तापलेला. काही इलाज नव्हता. तिनं वाचलं, "चि. सौ. कां. इरावती हिस मालिनी मावशीकडून लग्नाची सप्रेम भेट." मग डचमध्ये अर्थ सांगितला.

मागून कुणी तरी म्हणालं, "लांडग्याच्या अभ्यासक बाई, आणि पुराव्यावर त्यांचंच नाव."

लीलावतीबाई उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, हळू. "ते माझं काम आहे," त्या आपल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्या मुलीला ठाऊक नव्हतं. दर गुरुवारी मी देवाचा घास ठेवते. कुत्र्यासाठी. इथे कुत्रं मिळालं नाही म्हणून तिथे ठेवला."

हार्मेन रागावले नाहीत. त्याचंच बाईंना जास्त लागलं. "गुरुवारी," ते म्हणाले. "गुरुवारी संध्याकाळी मी चर्चमध्ये स्तोत्रं म्हणायला जातो. म्हणून मला दिसलं नाही." त्यांनी ताटली बाईंच्या हातात ठेवली. "मेव्राउ, येत्या गुरुवारी ठेवा, नेहमीसारखंच. आपण दोघं मचाणावर बसू. कोण येतं ते माझ्या डोळ्यांनी बघून मगच मी लिहीन. खोटं लिहिणार नाही, एवढं मात्र आत्ताच सांगतो."

दोघी घरी आल्या. चावी फिरवताना इरावती म्हणाली, "त्याला तू शिकवलंस आई, की माणूस म्हणजे खाणं."

"मी दत्ताला वाढलं गं."

"ते त्याला माहीत नाही ना."

तो आठवडा बाईंना फार जड गेला. सारंगरावांनी एकदा म्हणून पाहिलं, "आई, इथली नगरपालिका बदकांना पाव घालू देत नाही, तुम्ही थेट लांडग्याला साजूक तूप?" पण बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनी न सांगता चहा करून पुढे ठेवला. बाईंच्या डोळ्यांसमोर एकच चित्र. मुका जीव पोळीच्या वासावर येतोय, रोजच्या विश्वासानं, आणि एके दिवशी त्याच वाटेवर आडवा पडतोय. आपल्या नैवेद्यानं. उभ्या जन्मात त्यांनी देवापुढे एकच मागणं मागितलं होतं, ठेवलेलं गोड मानून घे. आता त्या हात जोडून म्हणत होत्या, "महाराज, या गुरुवारी कुणी येऊ नये. पोळी तशीच वाळून जाऊ दे."

गुरुवार आला. बाईंनी आरती केली, पोळीला तूप-गूळ लावला, मनात नसताना हात थोडा सैलच पडला. हार्मेन फाटकाशी उभे होते. खांद्याला दुर्बीण, हातात थर्मास.

"बंदूक?" बाईंनी विचारलं.

"घरी आहे. बंदूक बरोबर असली की माणूस आधीच ठरवून बसतो." मग म्हणाले, "टेसला कुंपणात कोंडून आलोय. आज तिला बाहेर सोडायची छाती नाही."

हरणं टिपायला बांधलेलं लाकडी मचाण बुंध्यापासून थोडं आत होतं. बाई शिडी चढल्या, पदर खोचून, एकेक पायरी देवाचं नाव घेत. वर एका फळीवर दोघं बसले. सूर्य पाइनच्या आड उतरत होता, माळावरचं जांभळं गवत विझत चाललं होतं. हार्मेननी कॉफी पुढे केली. बाईंनी मान हलवली. घास पोचल्याशिवाय त्या काही घेत नसत.

"आज तुमची स्तोत्रं बुडाली," त्या कुजबुजल्या.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा. धर्मगुरूंना सांगितलं, लांडग्याला भेटायला जातोय. ते म्हणाले, तो गाणार असेल तर घेऊन या, आपल्याकडे खर्जाचे आवाज कमी पडतात."

बाईंना हसू आलं, आणि त्याच वेळी झाडीत काही हललं.

करडी पाठ. मान खाली. पायवाटेनं नाही, झुडपांच्या आडून, चोरपावलांनी. बाईंनी डोळे मिटले. आला. अखेर आलाच. शेजारी हार्मेन दुर्बीण लावून बसले होते, श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. मग फळी हादरायला लागली. बाईंनी घाबरून डोळे उघडले. हार्मेनचे खांदे गदगदत होते.

"काय झालं?"

त्यांनी दुर्बीण बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती डोळ्यांना लावली. राठ केस, तुटकी शेपटी, गळ्यात केशरी पट्टा, आणि ताटलीत नाकापर्यंत बुडालेलं तोंड.

"टेस," हार्मेन म्हणाले. डोळ्यांतून पाणी. "कडी तोंडानं उघडते सैतान. डॉक्टर म्हणाले वजन वाढतंय, मी दोन महिने हिचं खाणं कमी करतोय. माझीच मला कीव येते. परक्याच्या हातून काही घेत नाही म्हणे."

"हातून नाहीच घेतलं तिनं," बाई म्हणाल्या. "ताटलीतून घेतलं. तुमचा शब्द खोटा नाही पडला."

किती दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला होता. पण दुर्बीण अजून बाईंच्या डोळ्यांना होती. टेसच्या मागे, माळाच्या टोकाशी, अजून एक करडं काही उभं होतं. उंच पायांचं. त्याला पट्टा नव्हता. ते हलत नव्हतं, नुसतं टेसकडे बघत होतं.

बाईंनी मुकाट्यानं हार्मेनचा दंड धरला आणि बोटानं दाखवलं.

हार्मेनचं हसू जागच्या जागी गोठलं. ते शिडीकडे वळले, दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. त्यांना टेसला हाक मारायची होती. ओठ हलले, आवाज आला नाही. मित्राचा कुत्रा कोटात गुंडाळून आणलेला तो माणूस शिडीला धरून उभा होता, आणि लांडगा एक पाऊल पुढे आला.

मग लीलावतीबाई उठल्या. फळी करकरली. त्या ताठ उभ्या राहिल्या, खांद्यावरची कापडी पिशवी चाचपली, झांजा बाहेर काढल्या, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि दत्तनामाचा गजर सुरू केला. कुरुंदवाडला शेवटच्या रांगेपर्यंत जायचा तो आवाज. झांजांचा खणखणाट माळावर फुटला. झाडांतून कावळे उठले. लांडग्याचे कान मागे गेले. आणि खालून, शिडीवरून, हार्मेनचा आवाज सुटला. हाक नव्हे, स्तोत्र. जे गेली चाळीस वर्षं दर गुरुवारी गळ्यात होतं तेच आलं, संथ, एकेक अक्षर ताणून, खर्जात. वर झांजा धावतायत, खाली स्तोत्र बैलगाडीसारखं चाललंय, ताल कुणाचा कुणाला लागत नाही, आणि दोघंही जीव तोडून गातायत.

लांडगा वळला. दोन उड्या, मग लांब ढांगा टाकत दुडकी चाल, आणि पाइनच्या काळोखात शेपटी दिसेनाशी झाली. एकदाही मागे पाहिलं नाही.

टेसनं मात्र मान वर केली नव्हती. ती ताटलीची कड चाटत होती.

हार्मेन शिडीच्या पायरीवरच बसले. म्हणाले, "मेव्राउ, तो भ्याला."

"भ्याला."

"चांगलाच भ्याला." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "किती सुंदर पळाला."

बाईंनी वरूनच हात जोडले, माळाकडे, पळून गेलेल्याकडे, आणि खालच्या लबाड कुत्रीकडेही. मग थर्मासमधली कॉफी मागून घेतली. घास पोचला होता.

अहवालात हार्मेननी सगळं जसंच्या तसं लिहिलं. ताटलीवर येणारं जनावर कुत्रं, मालकाचं नाव स्वतःचं. खरा लांडगा माणसाचा आवाज ऐकून पळाला, वस्तीत खायला आल्याचा काही पुरावा नाही, ताटली ठेवणं बंद झालेलं आहे. सल्लागारानं येऊन पाहिलं, मान डोलावली आणि गेला. पुढच्या सभेत एकेक बिस्किट वाटताना तो तरुण शेतकरी म्हणाला, "मग हार्मेन, आता उपद्रवी कुत्रीसाठी प्रांताकडे परवानगी मागायची का?" सगळा हॉल हसला. पुष्कळ दिवसांनी ती माणसं एकत्र हसत होती. त्यांचे प्रश्न काही सुटले नव्हते, पण त्या संध्याकाळी त्यांच्यापैकी कुणालाही बंदूक उचलावी लागणार नव्हती. इरावतीनं हे सगळं आपल्या अभ्यासात घातलं. ताटलीवरचं नाव तेवढं गाळलं.

पुढच्या गुरुवारी बाई हार्मेनच्या फाटकाशी गेल्या. हे ठरवून झालं होतं. अर्धी पोळी, तूप नाही, कुंपणाच्या आत, मालकासमोर. बाईंनी मुद्दाम आधी हातानं पुढे केली. टेसनं मान फिरवली.

"पाहा," हार्मेन मिशीला पीळ देत म्हणाले, "सांगितलं नव्हतं, परक्याच्या..."

बाईंनी मालिनी मावशीची ताटली जमिनीवर ठेवली. हार्मेनचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती रिकामी होती.

हार्मेन हसत हसत कोट चढवू लागले. चर्चमध्ये स्तोत्रांची वेळ झाली होती. बाई घुटमळल्या, मग म्हणाल्या, "हार्मेनबुवा, मी ऐकायला आले तर चालेल?"

बुवा म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही, पण मान मिळाल्याचं कळलं. त्यांनी फाटक उघडून धरलं. चर्चमध्ये लोक मागच्या बाकांवर पांगून बसले होते. लीलावतीबाई सरळ चालत गेल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. आत झांजा किणकिणल्या, तेव्हा त्यांनी वरून हात ठेवून त्यांना दाबून धरलं आणि खर्जातला पहिला सूर लागायची वाट बघत राहिल्या.